डॉक्टर मेडिकेअरच्या पैशांसाठी का भांडतायत?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं न्यू जर्सीत लेकाकडे असतो, दोघांनाही मेडिकेअर (मुख्यतः 65 च्या पुढच्यांसाठीचा अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा) आहे. आमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर पत्रक ठेवलंय, मेडिकेअर डॉक्टरांचे पैसे कापतंय, तुमच्या काँग्रेसमधल्या (म्हणजे इथल्या संसदेतल्या) प्रतिनिधीला कळवा म्हणून. मेडिकेअरचे नवीन पेशंट घेणंही त्यांनी बंद केलंय. यांचं म्हणणं, डॉक्टर लोकांना काय कमी पडतंय, स्वतःच्या कमाईसाठी आपल्याला पुढे करतायत. मला ते पटत नाही पण समजावून सांगता येत नाही. आमचं कव्हर कमी होणार का?

उत्तर : काकू, आधी तुमच्या काळजीचं बोलू. ही कपात तुमच्या कव्हरमधली नाहीये, डॉक्टरला मिळणाऱ्या रकमेतली आहे. पार्ट बीमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांचे पैसे देणाऱ्या भागात, वर्षाचं डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) भरून झालं की बहुतेक कामांचे ठरलेल्या रकमेच्या 80 टक्के मेडिकेअर देतं, 20 टक्के तुम्ही किंवा तुमचा जोडीचा विमा, ते तसंच राहतं.

आता काकांसाठी हिशोब. डॉक्टरच्या प्रत्येक कामाला मेडिकेअरने गुण ठरवलेत, त्यात त्यांची मेहनत, क्लिनिकचा खर्च, त्यांच्यावर दावा झाला तर त्यासाठीचा विमा हे सगळं धरलेलं असतं, आणि त्या गुणांना एका डॉलरच्या आकड्याने गुणायचं. हा आकडा 2001 साली 38.26 होता आणि 2025 मध्ये 32.35. म्हणजे तीन गुणांचं काम धरलं तर तेव्हा साधारण 115 डॉलर मिळायचे, 2025 मध्ये 97 (भागाप्रमाणे थोडं इकडेतिकडे), आणि मधल्या काळात नर्सचा पगार, जागेचं भाडं, कॉम्प्युटरचा खर्च, काहीएक खाली आलेलं नाही. हॉस्पिटलांना दरवर्षी महागाई बघून वाढ मिळते, डॉक्टरांसाठी तशी तरतूदच नाही, आणि मला हाच सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

शिवाय कायद्यात अट आहे की फीमधल्या बदलांनी वर्षाचा खर्च 2 कोटी डॉलरपेक्षा जास्तने बदलत असेल तर बाकीच्यांचं कापून तोल सांभाळायचा. 2021 मध्ये साध्या व्हिजिटचे गुण वाढवले, चांगलंच केलं, पण त्यामुळे सगळ्यांचाच आकडा खाली येत होता, मग काँग्रेस दरवर्षी तात्पुरत्या वाढीचं थोडं ठिगळ लावत राहिली, 2025 च्या जानेवारीत ते लागलं नाही आणि 2.83 टक्के कपात झाली. 2026 साठी 2.5 टक्के वाढ दिलीय पण तीही एकाच वर्षाची, म्हणजे पुन्हा तीच धावपळ.

मोठी हॉस्पिटलं हे सोसतात हो. मरण होतं ते एकट्यादुकट्या डॉक्टरचं, ज्याच्याकडे निम्मे पेशंट म्हातारे. तो मग क्लिनिक हॉस्पिटलला विकून टाकतो नाहीतर तुमच्या डॉक्टरांसारखं नवीन पेशंट घेणं थांबवतो. उद्या तुमच्या ओळखीचं कुणी 65 चं झालं की त्याने जायचं कुठे? त्यामुळे नाही काकू, हे नुसतं कमाईचं भांडण नाही.

मेडिकेअरचं ऑफिस कायदा बदलू शकत नाही, तो काँग्रेसच बदलणार, म्हणून प्रतिनिधीच्या ऑफिसला जरूर फोन करा. झिप कोड सांगा, आमच्या डॉक्टरांनी नवीन पेशंट बंद केलेत हे सांगा, आणि डॉक्टरांची वाढ महागाईला जोडा एवढंच मागा. आणि यापुढे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर काउंटरवर आधी विचारा, तुम्ही मेडिकेअरचं असाइनमेंट घेता का, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेली रक्कमच पूर्ण फी मानता का, कारण न घेणारे डॉक्टर मेडिकेअरने त्यांच्यासाठी ठरवलेल्या रकमेवर 15 टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतात.