व्हॅनच्या वेळेला दुखणारं पोट

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीत आहे. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून इमारत होणार, म्हणून जूनमध्ये आम्ही धायरीला भाड्याने राहायला आलो. त्याची शाळाही बदलली. सासूबाई पेठेतच, मोठ्या दिरांकडे असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी व्हॅन यायच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. सोनोग्राफीसकट सगळं नॉर्मल आलं. रविवारी मात्र काही दुखत नाही. डबा अर्धा परत येतो, जरा आवाज चढला की रडतो. हे म्हणतात, नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस. मी काय करू?
– एक आई, धायरी

उत्तर : त्याचं पोट खरंच दुखतंय. हे आधी मुलाच्या बाबांना वाचून दाखवा. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ तपासणीत आजार सापडला नाही, एवढाच. मेंदू आणि आतडी यांच्यात सतत निरोप जात-येत असतात. मन धास्तावलं की पोटात कळ येते, आणि ती सोसणाऱ्याला खरीच असते. मुलाला ‘भीती वाटते’ हे सांगता येत नाही, ‘पोट दुखतं’ हे सांगता येतं.

पत्रातला ‘दिवाळीनंतर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. घर सुटलं, आजी लांब गेली, मित्र गेले, हे सगळं जूनमधलं. तरी दिवाळीपर्यंत तो शाळेत जात होता. म्हणजे त्या सुमारास आणखी काही घडलं असावं. व्हॅन बदलली? बाकावरचा जोडीदार बदलला? व्हॅनमध्ये मोठी मुलं चिडवतात? की सुट्टीत पेठेत राहून आल्यावर आजीची आठवण जास्त छळते आहे? ते शोधायला हवं.

पण सकाळी बूट घालताना विचारू नका. ‘काय झालं, सांग ना’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. संध्याकाळी मटार सोलताना, गाडीवर मागे बसलेला असताना, म्हणजे नजरेला नजर नसताना मुलं जास्त बोलतात. प्रश्न लहान ठेवा : डबा कुणाशेजारी बसून खातोस? व्हॅनमध्ये तुझी जागा कुठली? तो बोलायला लागला की ‘एवढंच ना!’ म्हणू नका, उपायही सुचवू नका. ‘मग?’ एवढं पुरतं.

शाळा बुडवू देऊ नका. घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसानं पुढची सकाळ जड होते. वर्गशिक्षिकांना भेटा. दुखलं तर दहा मिनिटं वाचनालयात बसून परत वर्गात यायचं, असं ठरवून घ्या. मात्र तिथे कुणी त्याला मारतंय, छळतंय असं निघालं, तर आधी ते थांबलं पाहिजे. शिक्षकांकडून होत असेल, तर 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 मारायला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. नको तिथे कुणी हात लावल्याचं त्याने सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा, खोदून खोदून विचारू नका आणि 1098 या चाइल्डलाइनला फोन करा.

शनिवारी त्याला आजीकडे राहायला पाठवा. ‘आठवडाभर पोट दुखलं नाही तरच’ अशी अट मुळीच घालू नका. आजी बक्षीस म्हणून मिळायला लागली, तर दुखणं लपवायला शिकेल.

रात्री दुखण्याने जाग येणं, उलट्या, ताप, वजन घटणं, यातलं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. दोन-तीन आठवड्यांत झोप-जेवण सुधारलं नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ससून रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं कधी बोलला, तर तो दिवस जाऊ देऊ नका. ‘तुला मरावंसं वाटतं का?’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला स्वतःला धीर हवा असेल तेव्हाही तिथे फोन करा.