ईएसआर वाढला, आता काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रिपोर्टचे फोटो रोजच येऊन राहिले, ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी तपासणी, तिच्या आकड्याभोवती पेनाने गोल आणि खाली एकच ओळ, "डॉक्टर, सिरियस आहे का?" म्हणून पुन्हा एकदा सगळं एका ठिकाणी लिहितोय.

ईएसआरसाठी उपाशी पोटी यावं लागतं का? (महाल)

नाही. तर्री-पोहे खाऊन या. सोबत शुगर वगैरे असेल तर मात्र आधी विचारा.

आईचं वय 68, ईएसआर 34. रिपोर्टमध्ये नॉर्मल 0 ते 20 छापलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की हा कॅन्सर असतो. (मानेवाडा)

व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही असतं. वयासोबत ईएसआर वाढतो. बायकांसाठी ढोबळ हिशोब असा, की वयात 10 मिळवा आणि निम्मं करा, म्हणजे आईंसाठी 39 पर्यंत चालतं. बऱ्याच लॅब सगळ्यांना एकच रेंज छापतात आणि घरचे रात्रभर झोपत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असलं तरी हा आकडा वाढतो, ते बघून घ्या. वजन उतरतंय, ताप राहतोय असं काही असेल तर फिजिशियनला दाखवा.

एकाच दिवशी दोन लॅबमध्ये 22 आणि 41, कोण खोटं? (जरीपटका)

कोणी खोटं असेलच असं नाही. वेस्टरग्रेन पद्धतीत रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात, बस. नळी जरा तिरपी राहिली की आकडा वाढतो, मे महिन्यात लॅबचा एसी बंद असला तरी वाढतो, आणि सॅम्पल चार-पाच तास पडून राहिलं तर उलट कमी येतो. तिसऱ्या लॅबमध्ये पळू नका, दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

मुलगा 9 वर्षांचा, सिकलसेल एसएस पॅटर्न (आईबाप दोघांकडून आलेला, लाल पेशी वाकड्या करणारा रक्ताचा आजार). दोन दिवस 102 ताप, पण ईएसआर फक्त 4. शेजारचे म्हणाले इन्फेक्शन नाही, थांबा. (हिंगणा)

ताई, हे वाचायच्या आधी त्याला घेऊन निघा. नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल किंवा मेयो, जे जवळ पडेल ते.

आता बाकीच्यांसाठी, कारण विदर्भात हे घरोघरी माहीत असायला हवं आणि ते नाही. ईएसआर वाढतो कसा, तर सूज किंवा इन्फेक्शन असताना रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रोटीन्स वाढतात, त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या, त्यांची चळत लागतच नाही. त्यामुळे आतमध्ये न्यूमोनिया असला तरी आकडा 4 राहू शकतो. म्हणजे इथे कमी ईएसआर ही दिलासा देणारी गोष्टच नाही! त्यात या मुलांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, लहानपणीच खराब झालेली असते, काही जंतू रक्तात शिरले की तासांत तब्येत बिघडते. एसएस पेशंटला 101 च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी हॉस्पिटल, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य "सिकलसेल आहे" हेच सांगायचं. न्यूमोकोकलची लस झाली का तेही तपासा. आणि घरात एक पेशंट असेल तर भाऊबहिणींची सिकलसेल तपासणी अजून का राहिलीय? सरकारी दवाखान्यात फुकट होते, तरी लोक लग्न ठरेपर्यंत थांबतात, कधीकधी लग्न झाल्यावरही!

तीन आठवडे खोकला, ईएसआर 70. एक जण म्हणतो टीबीच आहे, दुसरा ईएसआर उतरवायचं चूर्ण देतो. (कामठी)

दोघांचंही ऐकू नका. ईएसआर वरून टीबी ठरत नाही, नुसत्या आकड्यावर टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे, सरकारी केंद्रात थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) मोफत होते, उद्याच जा. चूर्णात काय घातलंय देव जाणे, स्टेरॉइड असेल तर आकडा उतरेल आणि आजार आतल्या आत वाढेल.

उपचार सुरू होऊन आठवडा झाला, ईएसआर अजून तेवढाच. (सदर)

उतरायला आठवडे लागतात. लवकर फरक बघायचा असेल तर सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच.

बाबा 71, कंबर चार महिन्यांपासून दुखते, हिमोग्लोबिन 8, ईएसआर 118. लॅबवाले फुल बॉडी पॅकेज घ्या म्हणतात. (प्रतापनगर)

पॅकेज नको, फिजिशियन हवा, आणि याच आठवड्यात. 100 च्या वरचा ईएसआर सहसा कारणाशिवाय येत नाही. या वयात कंबरदुखी आणि कमी रक्त असताना मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर), मणक्याचा टीबी, किडनी हे सगळं बघावं लागतं, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीन्स वेगळी करून बघणारी तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बद्दल विचारा. चार महिने मलम चोळण्यात गेले, आता पुढची सुट्टी बघू असं करू नका. आणि कपाळाची एक बाजू दुखणं, चावताना जबडा दुखणं किंवा डोळ्यांना धूसर दिसणं यातलं काही असेल तर याच आठवड्यात नाही, आजच जा, ती डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते आणि त्यात नजर जाऊ शकते.