स्त्रिया गुन्हे का करतात आणि तुरुंगात त्यांचं पुनर्वसन कसं होतं?

चार वर्षं मी आठवड्यातून दोनदा एका महिला कारागृहात साक्षरतेचा वर्ग घेत होते. बायका गुन्ह्याकडे का वळतात आणि तुरुंग त्यांना पुन्हा उभं कसं करतो, हे तुम्ही विचारलंय. तिथे पाहिलेलं आणि पुढे वाचलेलं सांगते.

जगभरातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम ७ टक्के. बऱ्याच जणी चोरी, फसवणूक किंवा अमली पदार्थांच्या प्रकरणात आत येतात. अमली पदार्थांच्या प्रकरणात बाईच्या हाती बहुधा पिशवी पोचवण्याचं काम असतं, माल कुणाचा तेही अनेकदा तिला माहीत नसतं. मागे पैशाची ओढाताण, व्यसन, लहानपणी झालेले अत्याचार, नाहीतर नवऱ्याचा किंवा मित्राचा दबाव. थंड डोक्याने लोकांना लुबाडणाऱ्या बायकाही मी पाहिल्या, पण त्या थोड्या.

खुनाच्या गुन्ह्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईचा राग आतल्या आत धुमसत राहतो, आणि समोरचा जागा असताना तिचं काही चालत नाही. इंग्लंडमधल्या किरणजीत अहलुवालियाने दहा वर्षं नवऱ्याची मारहाण सोसली आणि १९८९ साली तो झोपेत असताना त्याला पेटवून दिलं. तेव्हाच्या कायद्यात चिथावणीचा बचाव, म्हणजे समोरच्याने चिथावलं म्हणून हातून खून झाला असा बचाव, मिळायचा, पण त्यासाठी ताबा अचानक सुटलेला असावा लागे. तिला जन्मठेप झाली. तिच्या मनःस्थितीबद्दलचा वैद्यकीय पुरावा खटल्यात नीट मांडलाच गेला नव्हता, म्हणून १९९२ साली अपिलात ती शिक्षा रद्द झाली आणि पुढे ती सुटली. तिने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण अशा बाईला नेमकं कशातून ‘सुधारायचं’, हे आधी ठरवायला हवं.

आता पुनर्वसन. समाजसुधारक एलिझाबेथ फ्रायने १८१७ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांसाठी शिवणकाम आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. काळाच्या मानाने ते फार मोठं काम होतं. पण दोनशे वर्षांनंतरही कितीतरी ठिकाणी पुनर्वसन शिलाई मशीनपाशीच थांबतं, याची मला चीड येते. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली महिला कैद्यांसाठी ७० नियम मंजूर केले, ते ‘बँकॉक नियम’ म्हणून ओळखले जातात. शक्यतो घराजवळचा तुरुंग, बाळंतपणात बेड्या नाहीत, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला एकांतकोठडी नाही, आणि जमेल तिथे कैदेऐवजी दुसरा पर्याय. हे नियम बंधनकारक नाहीत, तिथेच सगळं अडतं.

मुलांचा विषय तर फारच जिव्हारी लागणारा. माझ्या वर्गातल्या एकीने स्वतःचं नाव लिहायच्या आधी मुलाचं नाव शिकून घेतलं. पुढे तिने त्याला पहिलं पत्र लिहिलं, चारच ओळी. तीन आठवड्यांनी ते परत आलं. लिफाफ्यावरचा शेरा तिने बोट फिरवत, अक्षर अक्षर जोडत स्वतःच वाचला: ‘पत्त्यावर राहत नाहीत.’ मग लिफाफा दुमडून वहीत ठेवला आणि म्हणाली, “ताई, पुढचा धडा घ्या.”

म्हणून मुलांच्या नियमित भेटी, व्यसनमुक्तीचे उपचार आणि समुपदेशन यांना मी शिवणकामाच्या वर ठेवते. सुटकेच्या आधी काही महिने ओळखीची कागदपत्रं, राहायची जागा आणि काम यांची सोय लागली पाहिजे. पुरुष सुटतो तेव्हा बहुतेकदा आई किंवा बायको फाटकाशी उभी असते. बाईला न्यायला यायला घरचे सहसा तयार नसतात.

पत्र परत आलेल्या त्या बाईची सुटका एका सकाळी झाली. मजुरीच्या पैशांचं पाकीट आणि कपड्यांची पिशवी घेऊन ती फाटकाशी आली. निवारागृह संध्याकाळी उघडणार होतं. तोपर्यंत आतच बसू का, असं ती पहाऱ्यावरच्या बाईंना विचारत होती.