वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी काही वाचून दाखवायचं आहे, काय लिहावं?

तुम्ही म्हणता, लिहायला बसलं की ‘प्रेमळ, कष्टाळू, देवभोळे’ एवढं उमटतं आणि पेन थांबतं. हे शब्द खोटे नाहीत, पण ते माझ्या वडिलांनाही लागू पडतील आणि शेजारच्या काकांनाही. माझ्या अण्णांच्या वर्षश्राद्धाला मी विशेषणं बाजूला ठेवली आणि त्यांचे हात दिवसभर काय करत होते, तिथून सुरुवात केली. त्यांचा देव आणि आमचं घर, दोन्ही त्या कामातच सापडत गेलं.

अण्णा पुण्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचे खिळे (एकेका अक्षराचे सुटे ठसे) जुळवून छपाईची पानं तयार करणारे. सातवी झाल्यावर सातारा जिल्ह्यातल्या गावाहून मामांकडे आले आणि त्याच पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. खालचं खडकवासलाही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर एका छापखान्याच्या मालकांना चिखलातून खिळे वेचायला पोरं हवी होती. अण्णांची पहिली नोकरी ती. पाटीने चिखल बाहेर आणायचा, चाळणीवर धुवायचा, हाताला लागलेले खिळे वाळवायचे आणि एकेक ओळखून आपापल्या घरात, म्हणजे खणात, टाकायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. ती उलटी बाराखडी अण्णा त्या चिखलात शिकले. पूर ओसरला, पोरं पांगली, अण्णांना मात्र मालकांनी ठेवून घेतलं.

हे काम आता कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी, समोर तिरप्या घोडीवर केसा, म्हणजे खिळ्यांचे खणाखणांचे ट्रे. इंग्रजीचं दोन केसांत भागतं. आपल्याला मुळाक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार असं सगळं लागतं, त्यामुळे चार केसा आणि त्यांत शेकडो घरं. उजवा हात न बघता त्या घरांत जायचा. ओळ भरली की शब्दांमधल्या जागा सारख्या करून ती घट्ट बसवायची, मग गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, ओतायची, प्रूफ म्हणजे तपासायची छाप काढायची, दुरुस्त्या करायच्या, पानं एकत्र बांधून तो फर्मा मशीनवर चढवायचा. छापून झालं की तेच खिळे रॉकेलने पुसून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. याला खिळे सोडणं म्हणत.

जुळवण्याचं कौतुक होतं, कारण त्यातून पुस्तक होतं. सोडण्याचं कुणालाच काही नसतं. अण्णा सोडताना बोलत नसत, चहासुद्धा घेत नसत. ‘घ’ चुकून ‘ध’च्या घरात पडला किंवा ‘भ’ ‘म’च्या, तर चूक आपल्या पानात होत नाही, उद्या त्या केसवर जो बसेल त्याच्या पानात होते, आणि बोलणी त्याला बसतात. नव्या पोराला अण्णा पहिले काही महिने फक्त सोडायलाच बसवत. माझ्या वडिलांचा स्वभाव कुणी एका वाक्यात विचारला, तर मी हे सांगते.

आमचं घर वाड्यातल्या दोन खोल्यांचं. आई छापील फर्मे, म्हणजे अनेक पानं छापलेले मोठे कागद, घरी आणून दुमडायची. एका कागदाच्या तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात, आणि पानांचे आकडे एकावर एक बरोबर यायला हवेत. घडीवर फिरवायला तिच्याकडे एक जुना चमचा होता. लग्नसराईत पत्रिका, परीक्षांच्या आधी गाइडं, निवडणुकीत हँडबिलं आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. दिवाळी अंकाची ही रीत १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली. आमच्या घरात मात्र तिचा अर्थ एवढाच होता की नवरात्रापासून पुढे अण्णा झोपेपुरते घरी येणार. खंडेनवमीला केसांना झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची, आम्हा मुलांना पेढे मिळायचे, आणि अण्णा लगेच कामाला लागायचे.

मी मोठी, म्हणून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं काम माझं. मी वाचायचे, अण्णा प्रूफावर बोट फिरवत खुणा करायचे. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद हेही मोठ्याने म्हणायचं. त्यांनी मला मांडीवर बसवून गोष्टी सांगितल्याचं मला आठवत नाही. पण कीर्तनकारांच्या चरित्रापासून शेतकीच्या पुस्तकापर्यंत मी जे काही वाचलं, ते त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्यासाठी. बाप-लेकीचं बोलणं आमच्यात बहुतेक असंच झालं.

आता देवाबद्दल. अण्णा माळकरी होते. महिन्याच्या दोन्ही एकादशा, संध्याकाळी हरिपाठ, बस्स. नवस नाही, अंगारा नाही, कुणी बुवा नाही. पूर्ण वारी त्यांना नोकरीमुळे कधी जमली नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की रात्री भवानी पेठेत माउलींच्या आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबात तुकोबांच्या पालखीचं दर्शन घ्यायचे, आणि पालख्या निघाल्या की एक दिवसाची रजा टाकून माउलींबरोबर सासवडपर्यंत चालायचे. हडपसरला दोन्ही वाटा वेगळ्या होतात, तुकोबा लोणी काळभोरकडे जातात, माउली दिवे घाटाकडे. तीस-बत्तीस किलोमीटरची चाल, बहुधा नेमकी एकादशीची, म्हणजे पोटात शेंगदाणे आणि केळी. रात्री एसटीने परत, सकाळी केससमोर हजर. मी कॉलेजात असताना बरोबर जायला लागले. घाटात ते माझ्याशी एक अक्षर बोलत नसत, दिंडीतल्या कुणाच्या तरी अभंगाला पाठीमागून साथ देत चालायचे. त्या दिवशी ते जेवढे मोकळे दिसायचे, तेवढे मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

एकदा गावाकडच्या दिंडीचे विणेकरी आले. म्हाताऱ्या वारकऱ्यांना वाचता येईल अशा मोठ्या टाइपात हरिपाठ छापून हवा होता, आणि पैसे कागदापुरतेच होते. मालकांनी मशीन वापरायला परवानगी दिली. जुळणी अण्णांनी सुट्टी झाल्यावर, मजुरी न घेता केली. अडचण अशी की छापखान्यात मोठा टाइप थोडा होता, मथळ्यांपुरता. आणि हरिपाठात ‘हरि’ किती वेळा येतो ते तुम्ही जाणताच. दोन पानं झाली की ‘ह’ संपायचा. खिळा कमी पडला की कंपोझिटर त्या जागी दुसराच एखादा उलटा लावतात, प्रूफात तिथे काळा ठिपका उमटतो, आणि खिळा मिळाल्यावर बदलतात. अण्णांनी या कामात तसं केलं नाही. दोन पानं जुळवायची, छापायची, सगळं सोडायचं, मग पुढची दोन. मशीनमन चाचा मुसलमान; तेही रोज थांबायचे, कारण ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, त्यांच्याशिवाय कुणी चालवलेलं अण्णांना चालत नसे. किती रात्री गेल्या मला ठाऊक नाही. घरी दुमडणी आईची, टाचणी माझी आणि भावाची. त्या पुस्तिकेत आमच्या चौघांचे हात आहेत.

आई आजारी पडली तेव्हा अण्णा रोज संध्याकाळी तिच्या कॉटशेजारी बसून हरिपाठ म्हणायचे. मी वैतागलेली होते, विचारलं, “अण्णा, काही मागता तरी का त्याच्याकडे?” म्हणाले, “मागायचं काय गं? तिला ऐकायची सवय आहे. आज नाही म्हटलं तर तिला वाटेल, काहीतरी वाईट झालंय.” आई गेली त्या संध्याकाळीही त्यांनी म्हटला, आवाज मध्येच थांबला, तिथून भावाने पुढे नेला. त्यांची श्रद्धा म्हणून मी एवढंच लिहिलं, त्यावर माझं भाष्य काही केलं नाही.

पुढे संगणकावरची जुळणी आली आणि नव्वदच्या दशकात आमच्या अण्णांचा छापखाना बंद झाला. खिळे मोडीत, शिशाच्या भावाने, वजनावर गेले. त्या दिवशी अण्णांनी केसा रिकाम्या करायला मदत केली. पन्नाशीत त्यांनी एका डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर जुळणी करणाऱ्याकडे, मुद्रितशोधक म्हणून नोकरी धरली आणि नजर साथ देत होती तोवर केली. तिथल्या मुलांना ते ‘अहो’ म्हणायचे. जोडाक्षर पडद्यावर तुटलं की त्यांना शारीरिक त्रास व्हायचा, हे मात्र खरं.

तुम्हाला माझं एक आग्रहाचं सांगणं. वडिलांच्या कामाची माहिती घरात शोधू नका, घरात ती नसते. पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने होती, २०२४ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत. जुळणाऱ्याचं नाव छापण्याची सक्ती कधीच नव्हती. अण्णांनी जन्मभरात जुळवलेल्या पुस्तकांपैकी कितींवर त्यांचं नाव आहे? मला एकही सापडलं नाही. मग मी माणसं शोधली. जुन्या मालकांचे चिरंजीव, डीटीपीतली तेव्हाची मुलं, दिंडीतले दोघे आणि चाचा. प्रत्येकाला एकच विचारलं, ते काम करताना कसे दिसायचे? ‘कसे होते’ विचारलंत तर लोक ‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होतात. ‘कसे दिसायचे’ म्हटलं की त्यांना डबा आठवतो, चष्म्याची दोरी आठवते, कुणावर एकदा भडकले होते ते आठवतं. भडकल्याचंही लिहा. अण्णा शीघ्रकोपी होते आणि ते मी वाचलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसला तो माझा भाऊ.

लेखाची लांबी दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका आणि नंतर इतरांना बोलायला वेळ ठेवा. आमच्याकडे माझं वाचून झाल्यावर चाचा काठी टेकवत उठले. त्यांनी सांगितलं की रमझानमध्ये दुपारचा चहा अण्णा आत मशीनपाशी येऊच देत नसत, बाहेर ओट्यावर जाऊन घ्यायचे, आणि बाकीच्यांनाही तिकडेच न्यायचे. तीस वर्षं. आम्हा दोघा भावंडांना हे माहीत नव्हतं. मी ते तिथेच माझ्या कागदाच्या मागे लिहून घेतलं. तुम्हीही एक पेन जवळ ठेवा.