महाविद्यालयात मूडल आहे, पण मदत करणारं कोणी नाही. प्राध्यापकाने कोणाकडे काय मागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात तुम्ही मराठी माध्यमातून इतिहास शिकवता. प्राचार्यांनी या सत्रापासून नोट्स, चाचण्या, असाइनमेंट सगळं मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर टाकायला सांगितलंय. अडलं तर विचारायला माणूस नाही. जुन्या नोट्स तिथे पेस्ट केल्या की भलतीच अक्षरं दिसतात. आणि मुलं एआयकडून लिहून आणतात ते पकडणारं सॉफ्टवेअर महाविद्यालयाने घ्यावं का, हेही तुम्हाला विचारायचंय.

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मूडल सांभाळतो. त्याआधी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत होतो, म्हणजे आधी तक्रारी करायचो आणि आता ऐकतो.

मदतीला माणूस नाही हे खरंय, आणि तो नसण्याचं कारण माणसांचा आळस नाही. आपल्याकडे ‘आयटी’ म्हणजे संगणकशास्त्र विभागातला एखादा तरुण शिक्षक किंवा लॅब असिस्टंट. प्रिंटर अडकला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, नॅकच्या मूल्यांकनासाठी जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो हवेत, प्रवेशाची यादी संकेतस्थळावर चढवायचीय, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यात मूडलही बसवून दिलं जातं. बसवणं एका दुपारचं काम आहे. पण सत्रभर त्याकडे बघत राहणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. म्हणून तुमची पहिली मागणी सॉफ्टवेअरची नको, ऑफिस ऑर्डरची हवी: मूडलसाठी अमुक शिक्षक जबाबदार, आठवड्यात त्यांचे इतके तास याच कामाचे, आणि तेवढा त्यांचा वर्कलोड कमी. आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या, बैठकीत हा ठराव सहज होतो, कारण नॅकच्या फायलीला तो हवाच असतो. आपल्याकडे कागद हलला की माणूस हलतो.

तो माणूस ठरला की त्याच्याकडे नेमकं मागा. ‘मूडल चालत नाही’ या वाक्यावर मी काहीच करू शकत नाही. पहिलं तपासायचं ते फाइलच्या आकाराचं. मूडल ज्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिथे अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी असते. ती वाढवली नसेल तर तुमची स्कॅन केलेली पीडीएफ जाणारच नाही, तुम्ही दहा वेळा प्रयत्न केलात तरी. हा आकडा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बदलावा लागतो, तुमच्या लॉगिनमधून तो हलत नाही. दुसरं क्रॉन. मूडलची पडद्यामागची कामं, म्हणजे सूचनांचे मेल, फोरमवरच्या उत्तरांची खबर, ही क्रॉन नावाच्या एका नियमित फेरीवर होतात आणि ती फेरी दर मिनिटाला व्हावी अशी अपेक्षा असते. बसवणाऱ्याने ती लावलीच नाही तर मूडल वरून ठणठणीत दिसतं, पण मुलांना एकही मेल जात नाही, आणि तुम्हाला वाटतं मुलंच लक्ष देत नाहीत. मी पाहिलेल्या ‘मुलं प्रतिसाद देत नाहीत’ या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच सुटल्या. तिसरं, बॅकअप कुठे जातो ते विचारा. उत्तर ‘त्याच सर्व्हरवर’ असं आलं तर बॅकअप नाही असं समजा. तुमच्या कोर्सचा बॅकअप तुम्ही स्वतःही उतरवून घेऊ शकता. मुलांची उत्तरं त्यात येत नाहीत, पण तुमचा मजकूर आणि प्रश्न येतात. सत्र संपलं की ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा.

दुसरा माणूस तुमच्याकडे आधीच आहे आणि त्याच्याकडे कोणी जात नाही: ग्रंथपाल. इन्फ्लिबनेट हे ग्रंथालयांना जोडणारं केंद्र गांधीनगरला आहे, त्याची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांसाठी आहे. तिच्यात हजारो नियतकालिकं आणि लाखांवर ई-पुस्तकं वाचायला मिळतात. महाविद्यालय सदस्य असेल तर तुमचं खातं ग्रंथालयातूनच उघडलं जातं. अनेक ठिकाणी वर्गणी भरलेली असते आणि शिक्षकांची खाती उघडलेलीच नसतात. सीएचबीवरच्या सहकाऱ्यांचीही नावं द्या, त्यांना कोणी आपणहून विचारत नाही. शोधगंगेवर तर लॉगिनही लागत नाही. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत, त्यात मराठीतले पुष्कळ, आणि इतिहासाच्या शिक्षकाला जिल्ह्याच्या पातळीवरचं इतकं साहित्य दुसरीकडे एका जागी मिळणं अवघड आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तिच्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तिचं कामही इन्फ्लिबनेटच बघतं. तुमच्या महाविद्यालयाला त्यातलं काय लागू आहे, हा प्रश्न ग्रंथपालांसाठीच.

आता त्या भलत्या अक्षरांकडे येतो. मराठी माध्यमाच्या शिक्षकाचं खरं दुखणं तिथे आहे आणि एकाही प्रशिक्षणात ते शिकवत नाहीत. तुमच्या नोट्स गावातल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपी, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या सुरेखसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असणार. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी ‘क’ हे अक्षर नसतंच. तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट फक्त त्याला ‘क’चा चेहरा देतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे चेहरा गळून पडतो. मूडल, गुगल क्लासरूम, मुलांचा मोबाइल, कुठेच तो फॉन्ट नाही. पीडीएफ केली की दिसायला सगळं नीट दिसतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. पण त्या पीडीएफमध्ये ‘रयतवारी’ शोधलं तर सापडत नाही, आणि तुमच्या वर्गातला अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर लावतो तेव्हा त्याला रोमन अक्षरांचा कचरा ऐकू येतो.

यावर उपाय आहे, वेळ खाणारा आहे. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टचं नेमकं नाव बघा आणि त्याच फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना कळणाऱ्या संकेतांत, बदलणारं कन्व्हर्टर शोधा. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असते, शिवाजीचं कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. नुसती पीडीएफ किंवा छापील कागद असेल तर तो स्वच्छ स्कॅन करा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातला मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. दोन्ही वाटांनी रफार, ‘ऱ्य’, जोडाक्षरं आणि सनावळीतले आकडे हमखास बिघडतात. इतिहासात १८१८चं १८७८ झालं तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा आकडे डोळ्यांनी तपासा. सगळ्या नोट्स एका सुट्टीत बदलायला बसू नका. या सत्राला लागतं तेवढंच करा. नवीन लिहिताना मात्र जुन्या फॉन्टला हात लावू नका. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आहेच, तो जमत नसेल तर विंडोज १०च्या नंतरच्या आवृत्त्यांत मराठीचा फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चारानुसार टाइप करायचा, कीबोर्डही येतो, आणि गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं. व्याख्यान देणाऱ्या माणसाला हे शेवटचं फार पटकन जमतं.

युनिकोड झालं की चाचण्या सोप्या होतात. मूडलमध्ये एकेक प्रश्न खिडक्या उघडत भरणं ही शिक्षा आहे. त्याऐवजी ‘एकेन’ नावाचा एक साधा साचा आहे. नोटपॅडमध्ये एका ओळीत प्रश्न, खाली एकेका ओळीत पर्याय, शेवटच्या ओळीत बरोबर उत्तराचं अक्षर. पर्यायांची अक्षरं आणि शेवटच्या ओळीतला ‘आन्सर’ (ANSWER) हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत हवेत, बाकी सगळं मराठीत चालतं, आणि फाइल साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडायचं. पन्नास प्रश्न एका झटक्यात प्रश्नपेढीत जातात. फाइल नाकारली गेली तर बहुतेक वेळा एखाद्या प्रश्नात मधेच एंटर पडलेला असतो. मुलांच्या मोबाइलवर मूडलचं ॲप असेल तर सेटिंगमध्ये चाचणी ऑफलाइन सोडवायची मुभा देता येते. रेंजसाठी टेकाडावर जाणाऱ्या मुलांना हे लागतंच. ती मुभा देताना वेळेची मर्यादा लावू नका.

पहिली चाचणी गुणांची ठेवू नका. सगळा वर्ग एकाच मिनिटाला आत शिरला की लहान सर्व्हर झोपतो, आणि हे गुणांच्या दिवशी कळून उपयोग नाही. रंगीत तालीम न घेता नवी पद्धत लावली की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे: २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. संगणक तिथेही होते. तपासणाऱ्यांची तयारी करून घ्यायला वेळच ठेवला नव्हता.

व्हिडिओबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: तासाभराचं व्याख्यान मूडलवर चढवू नका. सर्व्हरही दमतो आणि मुलांचा रोजचा डेटाही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा द्या. गुगलनेही शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण २०२२ मध्ये बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घातली. मोठ्या संस्थांत ती जागा करोनाकाळातल्या, आता कोणीही न बघणाऱ्या रेकॉर्डिंगांनी अडवलेली असते.

एआय पकडणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन काढलं. ते इंग्रजीपुरतंच वापरा असं कंपनी सांगत होती, आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते तिने मागे घेतलं. मराठीतल्या मजकुरावर अशा यंत्राचा टक्केवारीचा कागद दाखवून एखाद्या मुलीला नापास करणं मला तरी पटत नाही, तिने तो निबंध स्वतः लिहिलेला असू शकतो. तुमच्या विषयात वाट सोपी आहे. ‘१८५७च्या उठावाची कारणे लिहा’ हे काढून टाका. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेलं कोणीतरी प्रत्येक गावात अजून आहे, त्यांची मुलाखत घ्या म्हणा. किंवा गावच्या मंदिराच्या बांधकामाची नोंद, घरातलं जुनं खरेदीखत. मूडलच्या असाइनमेंटमध्ये आवाजाची फाइल आणि फोटो जमा करून घेता येतात. मग दोन मिनिटं तोंडी विचारा. विद्यापीठाकडे इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून साम्य तपासण्याचं सॉफ्टवेअर असतं, पण ते मुख्यतः संशोधनासाठी आहे, पदवीच्या मुलांच्या पाच-पाच गुणांसाठी नाही.

शिकण्यासाठी पैसे भरू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलवर स्वतंत्र मालिका आहे. भाग छोटे आहेत, बघत बघत शेजारच्या खिडकीत करून पाहायचे. या प्रकल्पाच्या बऱ्याच मालिकांना मराठी आवाजही आहे. मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत, म्हणजे पूर्वीच्या एचआरडीसींमध्ये, आयसीटी, म्हणजे शिकवण्यात संगणक-इंटरनेटचा वापर, हा ठरलेला विषय आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे ही केंद्रं आहेत आणि पुष्कळसे वर्ग ऑनलाइन होतात. प्रमाणपत्र कॅसला, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीला, चालतं.

कॅसचा विषय निघालाच आहे तर, यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत चारही भागांत तयार केलेल्या पूर्ण कोर्सच्या ई-कंटेंटला १२ गुण आहेत आणि एका मॉड्यूलला ५. मूडलवर पीडीएफ टाकणं यात बसत नाही. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा असे चार भाग लागतात. युनिकोडमध्ये आणलेल्या नोट्स आणि एकेनमधून भरलेले प्रश्न मिळून त्यातले दोन भाग तुमचे तयार झालेले असतील. चर्चेसाठी मूडलचा फोरम पुरतो, फक्त क्रॉन सुरू आहे का ते आधी विचारून घ्या.