देवस्थानाची जमीन विश्वस्तांना विकता येते का?

प्रश्न : आमच्या गावातील मंदिराचा ट्रस्ट नोंदणीकृत आहे. सभामंडपाच्या बांधकामासाठी मंदिराची दोन एकर जमीन विकण्याचा ठराव विश्वस्तांनी एकमताने केला आहे. एवढ्यावर विक्री होऊ शकते का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, अदलाबदलीसाठी किंवा बक्षीस देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती नसेल तर एकमताने झालेल्या ठरावानंतरही व्यवहार वैध ठरत नाही. शेतजमीन 10 वर्षांहून अधिक, तर बिगरशेती जमीन वा इमारत 3 वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही हाच नियम आहे. परवानगी देताना ट्रस्टचे हित पाहिले जाते. म्हणून मूल्यांकन आणि विक्रीची खरी गरज अर्जात स्पष्ट मांडावी.

त्याआधी सातबारा नीट वाचा. त्यावर ‘देवस्थान इनाम, वर्ग 3’ (म्हणजे देवस्थानाच्या पूजाअर्चेसाठी इनाम दिलेली जमीन) अशी नोंद असेल, तर शासनाच्या परवानगीचा वेगळा प्रश्न उभा राहतो. जमीन देवाची आहे, विश्वस्त केवळ तिचे राखणदार आहेत. त्यामुळे ठरावाची प्रत मागण्यात गावकऱ्यांनी संकोच करू नये, असे मला मनापासून वाटते.