नदी दोन समुद्रांना मिळते, तिथून सुरुवात करू

सप्रेम नमस्कार.

“पोरगं बारावी सायन्सला आहे आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठल्याशा नसलेल्या राज्याचे नकाशे काढत बसतंय. कागद चहात बुडवतंय, कडा मेणबत्तीवर जाळतंय. यातनं पुढं भाकरी मिळणार का?” असं आपण कोल्हापुरातून विचारलंय. सोबत नकाशाचा फोटो जोडलात, हे बरं केलंत.

रोखठोक सांगतो, निव्वळ असल्या नकाशांवर महिन्याचा पगार देणारं आपल्या गावात मला कुणी दिसत नाही. काम मिळतं ते कादंबऱ्यांचे लेखक, बोर्डगेम आणि व्हिडिओगेम करणारे यांच्याकडून. तेही सुटं सुटं आणि बहुतेक बाहेरून. पण त्यासाठी हात ज्या गोष्टींवर बसावा लागतो त्या, म्हणजे अक्षर, मांडणी आणि छपाईची समज, जाहिरात आणि पुस्तकांच्या कामात रोज लागतात. म्हणून बारावी सोडू देऊ नका. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी आहे, डिझाइनसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे. यूसीडला शाखेची अट नाही, त्यामुळे सायन्स वाया जात नाही.

आता नकाशा. दिशाचक्र सुरेख आहे, समुद्रातला राक्षस तर झकास. (1539 च्या ‘कार्टा मरिना’ नकाशात उत्तरेच्या समुद्रात असेच अक्राळविक्राळ प्राणी आहेत, त्याने तो पाहिलेला दिसतो.) घोळ जमिनीवर आहे. त्याची मोठी नदी मध्येच दुभंगते आणि दोन टोकांच्या दोन समुद्रांना मिळते. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर नद्या सहसा फुटत नाहीत, एकमेकींना मिळत जातात. त्याला एका रविवारी प्रयाग चिखलीला घेऊन जा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा मिळत मिळत पंचगंगा होते आणि पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, हे त्याने बघावं. मग त्याला विचारा, गगनबावड्याला पाऊस झोडपतो, शिरोळला त्या मानाने बेताचा. तरी 2019 ला शिरोळ पाण्याखाली का गेलं? याचं उत्तर ज्याला चित्रातून दाखवता येईल, त्याच्या काल्पनिक राज्यावरही वाचणारा विश्वास ठेवेल.

डोंगरांचंही तेच. एकच त्रिकोण चाळीस वेळा उमटवलाय. जुने नकाशेकार आधी बाजूने दिसणाऱ्या टेकड्या काढत. पुढं 1799 मध्ये लेमान नावाच्या जर्मन माणसाने उतारावरच्या बारीक रेघांना नियम घालून दिला : चढ जितका उभा, तितकी रेघ जाड. पन्हाळ्याची एक बाजू अशा रेघांत काढायला सांगा. आणि ती मेणबत्ती काढून घ्या! जुना नकाशा जळून जुना होत नाही. तो घडीवर झिजतो, घडीच्या कोपऱ्याला भोक पडतं, बोटं लागून कडा मळतात. तेवढं दाखवलं की पुरे. शिवाय घरही शाबूत राहील.

मला सगळ्यात आवडलं ते त्याने नावं देवनागरीत घातलीत. हे अवघड आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी करून डोंगररांगेच्या टोकापर्यंत पसरवता येतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि नाव विस्कटतं. त्याने मोडी शिकावी. मोडीत रेघ आधी ओढतात, अक्षरं मागाहून तिला टांगतात. नदीच्या वळणावर अशी रेघ ओढून नाव टांगलं तर कसं दिसेल, हे करून पाहण्यासारखं आहे. मला स्वतःलाही उत्सुकता आहे.

सॉफ्टवेअरवर आत्ता पैसे घालू नका. क्रिटा आणि इंकस्केप फुकट आहेत. नद्या, डोंगर, नावं वेगवेगळ्या लेयरवर ठेवायची सवय लावावी, कारण गिऱ्हाईक हमखास राजधानीचं नाव शेवटच्या दिवशी बदलतं. तयार ब्रश वापरलेच, तर ते विकायच्या कामात चालतात का, हे परवान्यात वाचावं. पहिलं पैशाचं काम आलं की निम्मे आगाऊ घ्यावेत, आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधीच लिहून घ्यावं.

परीक्षा होईपर्यंत रात्री अकराला दिवा बंद, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. रविवार त्याचा. नदी दुरुस्त केलेला नकाशा मे महिन्यात मला पाठवा. प्रवेशाच्या फाइलमध्ये तो पहिल्या पानावर लावायचा की तिसऱ्या, ते तेव्हा बघू.